तीनशे एकसष्टाव्या दिवशीचा कोळी

अंबिकाच्या घराचं दार उघडलं की समोर आधी देव दिसायचे नाहीत, टीव्हीही दिसायचा नाही. दिसायचा तो फळा. शाळेत असतो तसाच काळा, लाकडी चौकटीचा. वर पांढऱ्या रंगानं ठळक लिहिलेलं: ‘आमच्या घरी अपघाताविना गेलेले दिवस’. आणि त्याखाली खडूनं काढलेला आकडा. बजाजनगरातल्या त्या गल्लीत नवा पाहुणा आला की चप्पल काढता काढता तो फळा वाचायचा, आणि मग काढलेली चप्पल उचलून भिंतीकडेला सरळ रेषेत ठेवायचा. आपल्या चपलेला अडखळून कुणी पडलं आणि यांचा आकडा बिघडला, तर काय घ्या!

फळा लावला होता अंबिकाच्या पप्पांनी. रामकिसनराव वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि तिथल्या सेफ्टी कमिटीचे मेंबर. बाकीची माणसं शिफ्ट संपली की कारखाना तिथंच ठेवून घरी येतात. पप्पा तो रोज जेवणाच्या डब्यात भरून घरी आणायचे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी झारा, पळी, सांडशी, किसणी, सगळ्यांची चित्रं पिवळ्या रंगानं रंगवली होती. जिचं चित्र, तिनं तिथंच लटकायचं. रिकामं चित्र दिसलं की वस्तू हरवली म्हणून समजायचं. लाटणं काही केल्या लटकेना, तेव्हा त्यांनी त्याला ड्रिलनं भोक पाडून दोरी ओवली. त्या दिवसापासून मम्मीच्या पोळ्या एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ यायला लागल्या, पण पप्पांनी तो अपघात धरला नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी फळ्यासमोर रांगेत उभं राहायचं. पप्पा कालचा आकडा पुसायचे, आजचा लिहायचे आणि दिवसाची सूचना द्यायचे. “ओली फरशी दिसली की थांबायचं.” “कुकरची वाफ जाईतो झाकणाला हात लावायचा नाय.” आजी, म्हणजे पप्पांची माय दगडाबाई, हात जोडून उभी राहायची आणि शेवटी फळ्याला वाकून नमस्कार करायची.

“माय, हा देव नाय,” पप्पा सांगायचे.

“मला काय ठावं बाबा? तू रोज याच्यापुढं उभं करतोस. म्हणलं असंल एखादा कंपनीतला.”

नियम साधे होते. रक्त आलं, भाजलं, सुजलं, किंवा दवाखान्याची पायरी चढावी लागली, की अपघात. आणि अपघात झाला की आकडा पुसून शून्य.

आता कुणाला वाटेल, होईना का शून्य! पण त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला अंबिकाची सायकल बांधलेली होती.

अंबिका नववीत. उंची पाच फूट चार इंच. वक्तृत्व स्पर्धेत यंदा तिसरा नंबर आला तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की आपण तोंड उघडलं की जगाला ऐकावंच लागतं. असं असूनही ती शाळेत जायची ती सदाशिवकाकांच्या रिक्षातून, पहिली-दुसरीच्या नऊ लेकरांमध्ये गुडघे हनुवटीला लावून. त्यातली एक पोरगी रोज एकाच वळणावर ओकायची. अंबिकाच्या मैत्रिणी त्याच वळणावर सायकलीवरून शेजारून जायच्या, टिंग टिंग घंटी वाजवायच्या आणि वर विचारायच्या, “काय बालवाडी, बरंय ना?”

मागच्या दिवाळीनंतर अंबिकानं पप्पांसमोर अर्धा तास भाषण केलं होतं. मुद्दे, उदाहरणं, शेवटी आवाहन, सगळं. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी फळा आणला आणि म्हणाले, “तीनशे पासष्ट दिवस हे घर अपघाताविना चालवून दाखवा. मग समजंन की या घरातली माणसं रस्त्यावर पण नीट चालतील. दुसऱ्या दिवशी सायकल. मी स्वतः गुलमंडीवर घेऊन जातो, पाहिजे त्या रंगाची घे.”

अंबिकानं रंगसुद्धा ठरवला होता. मोरपंखी. आणि घंटी चकचकीत, स्टीलची, उजव्या मुठीजवळ.

तर त्या रविवारी फळ्यावर होते ३६१.

दिवाळी आठ दिवसांवर आलेली, म्हणून घर आवरायला काढलेलं. पप्पांनी सकाळच्या रांगेतच कामं वाटून दिली. मम्मीकडं डबे, आजीकडं देवाची भांडी, स्वतःकडं पंखे, आणि अंबिकाकडं जिन्याखालची अडगळ. “आणि हातमोजे घातल्याबिगर अडगळीला हात लावायचा नाय. खिळा असतो, पत्रा असतो, काय बी असतं.”

हातमोजे जिन्याखालीच होते. जाड चामडी, कोपरापर्यंत येणारे, भिंतीवर काढलेल्या हातमोज्यांच्या चित्रावर मागच्या वर्षापासून इमानेइतबारे लटकलेले. अंधार, शांतता, ऊब, आणि पाच खोल्यांचा आयता चामडी बंगला. इतके दिवस तो रिकामा राहील असं फक्त पप्पांनाच वाटू शकतं.

अंबिकानं उजवा हात आत घातला. अंगठ्याच्या खोलीत कुणीतरी राहत होतं.

आधी काहीतरी केसाळ हललं, आणि मग बाभळीचा काटा घुसावा तशी सणक अंगठ्याच्या बुडातून थेट खांद्यापर्यंत गेली. अंबिकानं किंचाळायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिला फळा आठवला. उघडलेलं तोंड तिनं तसंच मिटलं. किंचाळी आतल्या आत गेली आणि डोळ्यांतून पाणी होऊन बाहेर आली. तिनं हातमोजा झटकला. पट्कन फरशीवर पडला तो कोळी. चपटा, तपकिरी, पाय पसरले तर पुरीएवढा. पडल्या पडल्या तोही बावचळून जागच्या जागी थांबला. झोपलेल्या माणसाच्या खोलीत एवढा मोठा अंगठा घुसल्यावर दुसरं काय होणार!

“अगं बया!” मागून आवाज आला. चिंचेनं घासायची तांब्याची भांडी घेऊन आजी तिथंच उभी होती. “डसला का गं?”

“श्शू! आजी, हळू बोल ना!”

“हळू कशाला? त्याला काय कान हायेत? थांब, मारू नको. डसणारं मारलं की त्याचं वीख आपल्यात ऱ्हातं.” आजीनं अडगळीतली लोणच्याची काचेची बरणी उचलली आणि पंचाहत्तर वर्षांच्या बाईला शोभणार नाही अशा चपळाईनं कोळ्यावर पालथी घातली. खालून जुन्या कालनिर्णयाचा पुठ्ठा सरकवला, बरणी उलटी केली आणि झाकण लावलं. कोळी आत गोल गोल फिरायला लागला.

अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक लाल ठिपके होते आणि भोवती पुरळासारखा फुगवटा धरत होता.

“आजी, माझी शपथ, कुणाला सांगू नको. चारच दिवस राहिलेत.”

“मी कुणाला सांगू? मी काय फळा हाय का?” आजी चटकन म्हणाली.

इतक्या चटकन आजी कशालाच तयार होत नसे. साधं चहात साखर कमी घाल म्हटलं तरी ती तीन दिवस वाद घालायची. अंबिकाला जरा नवल वाटलं, पण अंगठा असा ठणकत होता की नवल फार वेळ टिकलं नाही.

मग आजीचा इलाज सुरू झाला. पानाच्या डब्यातला चुना काढून तिनं ठिपक्यांवर थापला. आग दुप्पट झाली. मग देवघरातून नवाकोरा काळा करदोडा आणला आणि अंबिकाच्या मनगटाला गच्च, तीन वेढे देऊन, गाठीवर गाठ मारून बांधला.

“आता वीख वर चढायचं नाय. गावी पिशोरला तुझ्या आजोबाला विंचू डसला, तवा मीच बांधला व्हता असा.”

“मग? विष चढलं नाही?”

“अजिबात नाय. हात तेवढा पंधरा दिवस लुळा पडला व्हता.”

आता सूज कशी लपवायची? अंबिकाच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. जिथं झालं, तिथंच लपवायचं. तिनं हातमोजा आधी चारदा झटकला, काठीनं आतून ढवळला, उलटा करून ठोकला आणि मग घातला. कोपरापर्यंत. करदोडा दिसेना, सूज दिसेना, चुना दिसेना. पप्पांची सेफ्टी पहिल्यांदाच कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाला आली.

दुपारी जेवायला बसतानाही तिनं तो काढला नाही. दुसऱ्या हातातसुद्धा घातला, एकाच हातात बरा दिसेना म्हणून. चामडी हातमोज्यात भाकरी मोडणं म्हणजे बॉक्सिंग करणाऱ्यानं सुईत दोरा ओवण्यासारखं. पिठल्याचा एक घास तोंडात गेला, दोन मांडीवर.

“हे काय थेर?” मम्मी म्हणाली. “काढ ते आधी.”

“मम्मी, काम अजून संपलं नाही ना. मधेच काढायचे नसतात. आणि पप्पांनी नाही का मागच्या वर्षी सेफ्टी सप्ताह म्हणून आठ दिवस हातमोजा घालून जेवण केलं होतं?”

पप्पांना एकदम ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून ते म्हणाले, “बघ आशा! हिला म्हणतात शिस्त! मी आमच्या पोरांना कारखान्यात घसा फोडून सांगतो, ऐकत नाहीत. अन् ही बघ!” त्यांनी लगेच मोबाईल काढला. हातमोज्यात पिठलं-भाकरी धरलेल्या अंबिकाचा फोटो पाच मिनिटांत सेफ्टी कमिटीच्या ग्रुपवर गेला. खाली पप्पांनी लिहिलं, ‘सुरुवात घरापासून’. सोळा जणांनी अंगठे पाठवले. ते सोळा अंगठे बघून अंबिकाचा सतरावा आणखीच ठणकला.

दुपार कलल्यावर तिनं मम्मीचा मोबाईल घेतला आणि डाव्या हातानं विचारलं: कोळी चावल्यावर काय होतं?

नसतं विचारलं तर बरं झालं असतं. कुठल्या कुठल्या देशांतले कोळी, आणि कुठल्या कुठल्या माणसांचे काळे पडलेले पाय! पोटावर लाल खूण असलेला काळा कोळी, कपाटातल्या जुन्या कपड्यांत राहणारा तपकिरी कोळी. आपलाही तपकिरीच होता की! खाली लक्षणं दिली होती. घाम येणे. पंखे पप्पांनी पुसायला खाली काढले होते, त्यामुळं घाम तर सगळ्या घरालाच आला होता; तरी अंबिकानं ते लक्षण धरलं. तोंडाला कोरड. नुकताच मूठभर चिवडा खाल्लेला, तरी धरलं. बेचैनी. हे तर वाचायला लागल्यापासूनच होतं. शेवटचं लक्षण: बधिरपणा.

तिनं हातमोज्यात बोटं हलवून पाहिली. बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी वाटली.

ती आजीकडं धावली. आजी देवघरापाशी बसून बरणीशी बोलत होती. तिनं आत भाकरीचा तुकडा टाकला होता. “खाईना गं हा. उपास हाय का काय याला?”

“आजी, माझा हात गेला!”

आजीनं हातमोजा ओढून काढला. हात हात राहिला नव्हता. करदोड्याच्या खाली तो सुजून गोल झाला होता आणि त्याचा रंग झाला होता वांग्यासारखा. जांभळा. तुकतुकीत. आजीनं गाठ सोडायला बघितलं, पण सुजेत रुतलेला दोरा तिच्या नखांना सापडेना. “हे आपल्याच्यानं सुटायचं नाय,” ती म्हणाली.

तिथं, देवघरापाशी उभं राहून अंबिकानं विचार केला. एका बाजूला मोरपंखी सायकल, सकाळची मोकळी हवा, तो रस्ता, ते वळण, आणि आपण त्या ओकणाऱ्या पोरीच्या रिक्षाला मागं टाकून पुढं जातोय. आणि घंटी वाजवायला उजवा अंगठाच नाही.

ती तडक बाहेरच्या खोलीत गेली. पप्पा खुर्चीवर चढून पंख्याचं पातं बसवत होते, मम्मी खाली खुर्ची धरून उभी होती. अंबिका स्टूल ओढून त्यावर चढली, डाव्या हातानं डस्टर घेतलं आणि ३६१ पुसून टाकले. खडूनं तिथं शून्य काढलं. डाव्या हाताचं, वाकडंतिकडं.

“अगं ए! काय करती?” पप्पा वरून ओरडले.

अंबिकानं उजवा हात वर केला. “कोळी चावला. सकाळी. तुमच्या हातमोज्यात होता.”

आता पप्पांनी वर्षभर ज्या प्रसंगाची तयारी केली होती, तो हाच. दाराच्या मागं प्लॅस्टिकच्या कागदात बंद करून चिकटवलेला तक्ता होता, ‘आपत्कालीन कृती’, नऊ पायऱ्यांचा. पहिलीच पायरी होती, ‘घाबरू नये’. पप्पा खुर्चीवरून उतरले ते पंख्याचं पातं छातीशी धरूनच. “चावी! गाडीची चावी कुठंय? माझं हेल्मेट! आशा, चावी!” ते स्वयंपाकघरात गेले, परत आले, बाथरूममध्ये डोकावले. चावी भिंतीवर, चावीच्या पिवळ्या चित्रावर, ठरल्या जागी लटकत होती. वर्षभर रोज तिथंच असलेली ती चावी त्या क्षणी सबंध घरात त्यांना एकट्यालाच दिसत नव्हती.

मम्मीनं खुर्ची सोडली. पायात चपला सरकवल्या, अंबिकाचा डावा हात धरला आणि म्हणाली, “चल गं. दवाखाना काय दिल्लीला नाय.” पदराखाली बरणी घेऊन आजी मागं निघाली.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टर मीनाक्षीताई रविवारीही संध्याकाळी बसायच्या. त्यांनी हात बघितला आणि आधी कात्री घेतली. दोऱ्याखाली बोथट टोक सरकवून कट् कट् कट् तीन वेढे कापले. जरा वेळानं अंबिकाच्या बोटांत हजार मुंग्या एकदम धावल्या आणि वांग्याचा रंग हळूहळू उतरायला लागला.

“हे कुणी बांधलं?”

आजी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र फार लक्ष देऊन पाहायला लागली.

“आजी, कोळ्यानं हिचं जेवढं केलं नाही, तेवढं या दोऱ्यानं केलंय. आणखी दोन-चार तास राहिला असता तर खरंच बोटांवर बेतलं असतं. बांधायचं नाही, कापायचं नाही, तोंडानं चोखायचं नाही आणि हा चुना तर अजिबात नाही.” बोलता बोलता त्यांनी साबणपाण्यानं चुना धुऊन काढला आणि फडक्यात बर्फ गुंडाळून अंगठ्यावर ठेवला. “एवढं घरी केलं असतं ना, साबणानं धुणं, गार फडकं, हात जरा उंच ठेवणं, तरी निम्मं काम झालं होतं. चावला कुणी ते पाहिलं का?”

आजीनं पदर बाजूला केला आणि बरणी टेबलावर ठेवली. मीनाक्षीताई खुर्चीसकट एक हात मागं सरकल्या. मग चष्मा नीट करून पुढं झाल्या.

“हं. हे एक काम मात्र शंभर नंबरी केलंत. बरोबर आणला की आम्हाला अंदाज येतो. नुसता फोटो काढला तरी चालतं, पकडायच्या नादात पुन्हा चावून घेऊ नका. हा आपला भिंतीवर फिरणारा मोठा कोळी. जाळं विणत नाही, झुरळं खातो. गांधीलमाशी चावल्यासारखं दुखतं, दोन दिवस सूज राहते, बस्स.”

“मग मी मरणार नाही?” अंबिकानं विचारलं. वक्तृत्वाचा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

“या कोळ्यानं तरी नाही. आपल्याकडं घरात सापडणारे बहुतेक कोळी असेच, दिसायला राक्षस. खरोखर विखारी क्वचित निघतो. पण निघत नाहीच असं नाही, म्हणून चावा लपवायचा नसतो. चावलेली जागा काळी पडायला लागली, लाली वर सरकायला लागली, ताप, उलटी, पोटात गोळे, श्वास लागणं, यातलं काही झालं तर घड्याळ न बघता मोठ्या दवाखान्यात जायचं. कळलं? सकाळी चावला आणि तू आत्ता येतेस! दिवसभर काय करत होतीस?”

“हातमोजा घालून बसले होते.”

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि पप्पा आत आले. डोक्यावर हेल्मेट, उलटं. एका हातात प्रथमोपचाराची पेटी, दुसऱ्या हातात अजून पंख्याचं पातं.

“पोरगी कशीय?”

“ठणठणीत. बसा,” मीनाक्षीताई म्हणाल्या आणि कार्ड काढून लिहायला लागल्या. “टिटॅनसचं इंजेक्शन तेवढं द्यावं लागेल, बरीच वर्षं झालीत वाटतं. आणि आशाताई, आलाच आहात तर दंड दाखवा बरं. महालक्ष्म्यांच्या वेळी पुरणानं भाजलं होतं ना? डाग गेला का?”

मम्मीनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

“पुरणानं भाजलं?” पप्पांनी हेल्मेट काढलं. “कधी?”

“आणि आजी, गुडघ्याचं काय? श्रावणात बाथरूममध्ये घसरला होतात. पट्टा वापरताय ना?”

“घसरली?” पप्पा म्हणाले. “माय, तू तर म्हणली वातानं धरलाय!”

“वातच व्हता,” आजी म्हणाली. “त्या वातानंच पाय घसरला.”

अंबिका मम्मीकडं बघत राहिली. सबंध भाद्रपद मम्मी पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून स्वयंपाक करत होती. विचारलं तर म्हणायची, फॅशन आहे.

“का नाय सांगितलं?” पप्पांचा आवाज चढला. “एवढं मोठं भाजलं अन् नवऱ्याला पत्ता नाय?”

“काय सांगू? लेकरू रोज सकाळी उठून आधी तो आकडा बघायचं अन् मग तोंड धुवायचं,” मम्मी म्हणाली. “माझ्या एका चटक्यापायी तिची सायकल घालवू?”

“मग मी तरी काय येगळं केलं?” आजी म्हणाली.

पप्पा काही बोलणार होते. बहुतेक लांबलचक बोलणार होते, कारण त्यांनी घसा साफ केला. पण मीनाक्षीताईंनी कार्डावरून मान वर केली आणि अगदी सहज विचारलं, “आणि रामकिसनराव, तुमच्या बोटाचं नख आलं का नीट?”

पप्पांनी हात चटकन पात्यामागं घेतला. बरणीतला कोळी फिरायचा थांबला.

“कोणतं नख?” मम्मीनं विचारलं.

“मागच्या वर्षी नाही का आले होते, दिवाळी झाल्या झाल्या? खिळा ठोकताना हातोडी बोटावर बसली होती. काय बरं टांगत होतात?”

पप्पा पंख्याच्या पात्याकडं बघत राहिले. मग फार हळू म्हणाले, “फळा.”

आधी कुणाला काही कळलं नाही. मग अंबिकाला कळलं. “सेफ्टी सप्ताह!” ती ओरडली. “आठ दिवस हातमोजा घालून जेवला होतात! तो सेफ्टी सप्ताह नव्हताच!”

“आकडा आधीच लिहून झाला व्हता,” पप्पा पुटपुटले. “खाली ठेवूनच एक लिहिला अन् मग टांगायला घेतला. पहिल्याच दिवशी पुसायचा म्हणजे... तुम्ही काय म्हणला असता?”

आजी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग दात नसलेलं तोंड उघडलं, मग तिला बाकावर बसावं लागलं. मम्मीनं तोंडाला पदर लावला. मीनाक्षीताईंना इंजेक्शन खाली ठेवावं लागलं. शेवटी पप्पाही हसले, पण जरा उशिरा, आणि हसता हसता एकदम गंभीर झाले.

“कारखान्यात आमच्या लाइनीवर अपघाताविना सहाशे बारा दिवस झालेत,” ते म्हणाले, आणि आपल्या बोटाचं नख निरखायला लागले.

घरी आल्यावर अंबिकाला सोफ्यावर, हात उशीवर उंच ठेवून बसवलं. समोर फळा. फळ्यावर तिचंच डाव्या हाताचं शून्य. खरं म्हणजे तिला आता रडू यायला हवं होतं. पण एक अंगठा, चार बोटं, सगळं शाबूत, आणि हात परत हातासारखा दिसत होता. रडू काही जमून येईना.

“पप्पा, माझी सायकल गेली ना?”

पप्पा खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभे होते. “नियम म्हणजे नियम, बेटा. चार दिवस कमी पडले.”

“किती कमी पडले?” आजीनं आतून विचारलं. ती बरणी मागच्या दारी घेऊन चालली होती.

“चार.”

“अन् चारच तर झाले की. तुझं बोट, हिचं पुरण, माझा गुडघा, पोरीचा कोळी. मोज. तीनशे एकसष्ट अन् हे चार. झालं ना वर्ष?”

“माय, असं बसत नाय ते. ते दिवस हायेत अन् हे अपघात हायेत.”

“वर्षभर बसवलंस ते बसत व्हतं का?”

पप्पांनी मम्मीकडं पाहिलं. मम्मी लाटणं घेऊन उभी होती, भोक पाडलेलं, दोरी ओवलेलं, आणि तिनं ते दोरीला धरून पप्पांसमोर लटकवलं. पप्पांनी ओलं फडकं घेतलं आणि वरची पांढरी अक्षरं घासायला सुरुवात केली. ‘अपघाताविना गेलेले दिवस’ काही सहज निघेना, ऑइलपेंट होता. शेवटी त्यांनी खडूनंच ‘अपघाताविना गेलेले दिवस’ यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘सांगितलेले अपघात’. आणि आकडा: ४.

दुसऱ्या दिवसापासून आजीनं त्या फळ्याचा पिच्छा पुरवला. “लिही, डास चावला.” “लिही, जीभ भाजली चहानं.” “लिही, पिशोरच्या बैलानं शिंग मारलं व्हतं मला, लग्नाच्या वर्षी.”

“माय, तवाचं आता कसं लिहू?”

“तवा फळा नव्हता, ही काय माझी चूक?”

कोळ्याला तिनं मागच्या दारी, मीटरच्या डब्यापाशी सोडलं. जिन्याखालचे हातमोजे पुन्हा आपल्या चित्रावर लटकले, पण आता त्यांच्या बोटांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले होते आणि खाली पप्पांच्या अक्षरात पाटी होती: ‘आधी झटका, मग घाला’. बुटांवरही तीच. मम्मीनं पप्पांच्या हातोडीवर लावायला तिसरी पाटी मागितली, ती पप्पांनी दिली नाही. लाटणं मात्र नवीन आणलं, भोक नसलेलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या सोमवारी सदाशिवकाकांच्या रिक्षात एक जागा रिकामी होती. त्या वळणावर एक मोरपंखी सायकल रिक्षाच्या शेजारून पुढं गेली. टिंग टिंग टिंग! आतली नऊ लेकरं ‘अंबिकाताईऽऽ’ म्हणून ओरडली, आणि त्यांच्याकडं बघून ऐटीत हात हलवण्याच्या नादात अंबिका सायकलीसकट रस्त्याकडेच्या मातीत आडवी झाली. गुडघा खरचटला, मुठीवरची रबराची टोपी उडाली. घंटी मात्र शाबूत होती. तिनं पडल्या पडल्या वाजवून पाहिली.

दप्तर झटकून ती उठली, सायकल फिरवली आणि शाळेला उशीर होणार हे ठाऊक असूनही आधी घरी आली. गेटातूनच तिनं आरोळी ठोकली, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशी:

“पप्पाऽऽ, खडू घ्या!”